मराठीच्या तासाला वृत्तविवेकाचे शिक्षण

शिष्यवृत्त्या, वह्यापुस्तकांचे वाटप आणि वाचनालय ही आपल्याकडील न्यासांची जुनी व मानाची कामे होत. मुलाच्या हाती पुस्तक पडले की निम्मे काम झाले, असे आपले वाडवडील समजत आणि त्यांच्या काळी ते खरेही होते. आज मुलाच्या हाती पुस्तकाच्या आधी दूरध्वनी पडतो. त्यातून दिवसभर बातम्या, चित्रे, जाहिराती आणि कोणी कोठून पाठविले हे न कळणारे संदेश येत राहतात. मूल ते वाचते, म्हणजे त्यास अक्षरे लागतात. परंतु वाचलेल्यापैकी काय धरावे आणि काय सोडावे हे त्यास कोणी शिकविलेले नसते. पेडणे व डिचोली महालांतील आपल्या मराठी शाळांत हे शिक्षण कसे देता येईल, याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

ह्या विषयास ‘माध्यम-साक्षरता’ असे नाव रूढ होत आहे. मी ‘वृत्तविवेक’ हा शब्द योजतो. कारण खरे-खोटे निवडण्याची जी शक्ती, तिला आपल्या भाषेत विवेक हेच नाव आहे. जगातील शिक्षणतज्ज्ञांनी ह्याचा विचार पूर्वीच आरंभिला. १९८२ च्या जानेवारीत पश्चिम जर्मनीतील ग्रुनवाल्ड येथे युनेस्कोने भरविलेल्या परिषदेत १९ देशांच्या प्रतिनिधींनी शाळांतून हे शिक्षण द्यावे अशी घोषणा केली. आपल्या देशात केरळातील कण्णूर जिल्ह्याने २०१८ साली सरकारी शाळांतून खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले. त्या उपक्रमाचे नाव होते ‘सत्यमेव जयते’.

तथापि ह्यासाठी वेळापत्रकात नवा विषय घालावा, असे माझे म्हणणे नाही. विषयांचे ओझे आधीच पुष्कळ आहे. माझे म्हणणे एवढेच, की हे काम मराठीच्या तासालाच होऊ शकते. किंबहुना तेथेच ते चांगले होते. कारण बातमी ही अखेर वाक्यांची बनते, आणि वाक्य तपासण्याची हत्यारे व्याकरणाच्या पेटीत आहेत.

गोमंतकाची परंपरा

हा विषय गोव्यास परका नाही. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात आला. १८२१ च्या डिसेंबरात ‘गझेता द गोवा’ हे सरकारी साप्ताहिक निघाले. पोर्तुगालात १९१० साली प्रजासत्ताक आल्यावर येथील वृत्तपत्रांस थोडा मोकळा वारा लाभला. केप्याच्या गोविंद पुंडलिक हेगडे देसायांनी ‘भारत’ पत्र चालविले आणि त्यापायी खटले सोसले. १९२६ नंतरच्या हुकूमशाही राजवटीत मात्र मजकूर छापण्याआधी सेन्सॉरपुढे ठेवावा लागे. १८ जून १९४६ रोजी मडगावास डॉ. राममनोहर लोहियांच्या उपस्थितीत जी सभा झाली, तिच्यातला मुख्य प्रश्न बोलण्याच्या व लिहिण्याच्या स्वातंत्र्याचाच होता. पुढे १९५५ पासून १९६१ पर्यंत वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडून गुप्त नभोवाणी चालविली. तिचा आरंभ आंबोलीच्या रानातून झाला, म्हणजे पेडणे-डिचोलीपासून फार दूर नव्हे.

त्या काळच्या वाचकास एक कला अवगत झाली होती. वर्तमानपत्रात काय छापले आहे ह्याबरोबरच काय छापलेले नाही, हेही तो वाचीत असे. त्या वेळी बातमीचा दुष्काळ होता. आज महापूर आहे. दुष्काळात पाणी जपावे लागते, पुरात ते गाळून घ्यावे लागते. दोन्ही प्रसंगी पाण्याची पारख हवीच.

डिचोलीचे न झालेले युद्ध

आता एक उदाहरण घेऊ. ते आपल्याच गावचे असल्यामुळे मुलांना विशेष गोडीचे वाटेल.

‘विकिपीडिया’ हा संगणकावरील ज्ञानकोश सर्वांच्या परिचयाचा आहे. कोणीही लिहावे व कोणीही सुधारावे अशी त्याची रीत आहे. त्याच्या इंग्रजी आवृत्तीत २००७ च्या जुलै महिन्यात ‘डिचोलीचा संघर्ष’ अशा अर्थाच्या मथळ्याचा एक लेख कोणी टोपणनावाने लिहिला. १६४० च्या मध्यापासून १६४१ च्या आरंभापर्यंत पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोली भागात युद्ध झाले व शेवटी तह झाला, असे त्यात सविस्तर वर्णिले होते. लेख सुमारे साडेचार हजार शब्दांचा होता. तळाशी ग्रंथांचे दाखले होते. भाषा प्रौढ होती. थोड्याच महिन्यांत त्यास त्या कोशातील ‘चांगला लेख’ ही पदवीही मिळाली. पाच वर्षांहून अधिक काळ तो लेख जगभर वाचला जात होता. २०१२ च्या डिसेंबरात एका चिकित्सक वाचकाने त्यातील ग्रंथ शोधावयास घेतले, तेव्हा ते ग्रंथच अस्तित्वात नाहीत असे आढळले. युद्ध झालेच नव्हते. लेख काढून टाकण्यात आला.

ह्या लबाडीने जगातील मोठमोठे वाचक फसले. परंतु डिचोलीच्या शाळेतील आठवीचा विद्यार्थी फसावयास नको होता. तो कसा, ते पाहू. शिवाजीमहाराजांचा जन्म १६३० चा. १६४० साली ते दहा वर्षांचे होते आणि शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत होते. डिचोली त्या काळी आदिलशाहीच्या अंमलाखाली होती. राज्याभिषेक झाला १६७४ साली. तेव्हा १६४० साली ‘मराठा साम्राज्य’ कोठून येणार? आणि खरा पुरावा कसा असतो, हे पाहावयाचे तर डिचोली महालातच नार्वे गाव आहे. तेथील श्रीसप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजीमहाराजांनी करविला. त्याचा शिलालेख मंदिरात असून त्यातील तिथी १३ नोव्हेंबर १६६८ ह्या दिवसाशी जुळते. खोट्या लेखाला साडेचार हजार शब्द लागले. शिलालेख थोडक्या ओळींचा आहे. परंतु त्या शिळेजवळ जाऊन कोणीही बोट ठेवू शकतो.

ह्या एका उदाहरणातून तीन प्रश्न निघतात. ते वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

१. हे सांगणारा कोण आहे?
२. त्याने दिलेला आधार आपणास दुसरीकडे सापडतो काय?
३. आपणास आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींशी हे जुळते काय?

पहिला प्रश्न आपल्या मुलांना शिकवावाही लागत नाही. दशावताराच्या रात्री संकासुर रंगमंचावर आला की मुले घाबरतात. पण थोड्याच वेळाने एखादे धीट पोर बापाला विचारते, ‘आत कोण आहे हो?’ हाच प्रश्न आलेल्या प्रत्येक संदेशास विचारावयाचा.

‘म्हणे’ ह्या शब्दाची किंमत

आता व्याकरणाकडे वळू. मराठीत ‘म्हणे’ असा एक छोटा शब्द आहे. ‘तो मुंबईस गेला’ आणि ‘तो मुंबईस गेला म्हणे’ ह्या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिल्यात बोलणारा स्वतः हमी घेतो. दुसऱ्यात तो सांगतो की हे मी ऐकले, पाहिले नाही. आपल्या मुलांपैकी पुष्कळांच्या घरी कोकणी चालते. तेथेही ‘तो गेलो खंय’ असे म्हणून हीच सावधगिरी बाळगली जाते. अशा शब्दात आपल्या पूर्वजांचे शहाणपण साठलेले आहे. बातमी पुढे जाताना सर्वांत आधी गळून पडतो तो हाच शब्द.

पावसाळ्यातील प्रसंग कल्पावा. एकजण सांगतो, ‘तिळारीचे दरवाजे उघडले म्हणे.’ दुसरा पाठवितो, ‘तिळारीचे दरवाजे उघडले.’ तिसरा लिहितो, ‘तिळारी फुटली.’ पहिल्याने खोटे सांगितले नव्हते. दुसऱ्याने केवळ एक शब्द गाळला. तिसऱ्याच्या संदेशाने मात्र नदीकाठचे गाव रात्री जागे होते. म्हणून पाचवी ते सातवीच्या वर्गांसाठी हा खेळ योजावा. शिक्षकांनी पहिल्या बाकावरील मुलाच्या कानात ‘म्हणे’ असलेले एक वाक्य सांगावे व ते कानोकानी शेवटच्या बाकापर्यंत जाऊ द्यावे. शेवटचे वाक्य फळ्यावर लिहून, वाटेत कोणता शब्द कोठे हरवला याचा तपास मुलांकडूनच करवावा. हसत खेळत जो धडा होईल, तो मुले विसरणार नाहीत.

व्याकरणाची आणखी चार हत्यारे

पहिले, *कर्त्याचा शोध*. ‘करण्यात आले’, ‘सांगण्यात आले’, ‘असे समजते’ ही वर्तमानपत्रांची आवडती रचना होय. ‘पुलाचे काम थांबविण्यात आले’ ह्या वाक्यात काम कोणी थांबविले ते नाही. मुलांना असे वाक्य देऊन त्याचा कर्तरी प्रयोग करावयास सांगावे. कर्ता बातमीत सापडला तर ठीक. न सापडल्यास ‘कर्ता दिलेला नाही’ असे लिहावे. प्रयोग बदलण्याचा एरवी कंटाळवाणा वाटणारा अभ्यास एकदम सजीव होतो.

दुसरे, *विशेषणांची गाळणी*. बातमीतील सर्व विशेषणे पेन्सिलीने खोडून उरलेले वाक्य वाचावे. ‘बेजबाबदार अधिकाऱ्यांच्या संतापजनक निर्णयाने गरीब गावकरी हवालदिल’ ह्यातून विशेषणे काढली की एक निर्णय झाला एवढेच उरते. आणि तो निर्णय कोणता, हेच बातमीने सांगितलेले नाही असे मुलांच्या ध्यानी येते.

तिसरे, *‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ यांची परीक्षा*. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असे नव्हे. डिचोलीच्या मुलांना खाणींचे उदाहरण द्यावे. ‘खाणी चालल्या, त्यामुळे विहिरी आटल्या’ असे एक जण म्हणतो. ‘खाणी थांबल्या, त्यामुळे बाजार ओस पडला’ असे दुसरा म्हणतो. दोहोंस आधार मागावा, आणि तो सारख्याच काटेकोरपणे मागावा. येथेच शब्दांची नेमकी किंमतही शिकविता येते. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द ठरविले आणि त्याच वर्षीच्या मार्चच्या मध्यापासून खाणकाम थांबले. ह्याच घटनेस कोणी नुसते ‘खाणबंदी’ म्हणाले. ‘बंदी’ म्हणजे मनाई. ‘नूतनीकरण रद्द’ म्हणजे दिलेला परवाना कायद्याने दिला गेला नव्हता. परिणाम तोच दिसला, तरी अर्थ वेगळा आहे. ज्या घरी ट्रकाचे हप्ते थकले त्या घरच्या मुलास आणि ज्या घरची शेती गाळाने बुडाली त्या घरच्या मुलासही, हा फरक शांतपणे समजावून घेण्याचा हक्क आहे.

चौथे, *अलंकाराची ओळख*. अतिशयोक्ती अलंकार आपण कवितेत शिकवितो; तो जाहिरातीतही शिकवावा. मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. तेव्हापासून पेडण्यातील जमिनींना जाहिरातीत फार मोल आले आहे. ‘विमानतळापासून दहा मिनिटे’ असे वाक्य असल्यास मुलांनी विचारावे : कोठून मोजली? कोणत्या वाहनाने? दिवसा की मध्यरात्री? जाहिरात-लेखन हा मराठीच्या अभ्यासातला परिचित प्रकार आहे. जाहिरात लिहावयास शिकविताना ती वाचावयासही शिकविली, तर एका कष्टात दोन कामे होतील.

दोन पत्रे, दोन बाजू

वरच्या वर्गांसाठी, म्हणजे नववी-दहावीसाठी, गोव्याच्या इतिहासातील १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाहून चांगला पाठ नाही. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून राहावे, असा प्रश्न होता. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, संघप्रदेशाचे दोन पाने. १९६२ साली निघालेला ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूचा. १९६३ साली निघालेला ‘राष्ट्रमत’ विरुद्ध बाजूचा. आणि दोन्ही पत्रे मराठी! संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ व विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. अंतर ३४,०२१ चे. पेडणे, डिचोली, सत्तरी ह्या भागांचा कल मोठ्या प्रमाणात फुलाकडे होता, ही गोष्ट आपल्या घराघरांतील वृद्धांच्या स्मरणात आहे.

ह्या प्रकरणातील योग्यायोग्यतेचा निवाडा करणे हे शाळेचे काम नव्हे. शाळेने शिकवावयाचे ते असे, की बाजू घेणे व खोटे सांगणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. अग्रलेखाने बाजू घ्यावीच. तो त्याचा धर्म आहे. बातमीने मात्र मतांचा आकडा दोन्ही पत्रांत एकच द्यावा. कोणत्याही विषयावर एकाच दिवसाची दोन वर्तमानपत्रे समोर ठेवून मुलांनी तीन रकाने आखावेत : दोहोंत सारखे काय, एकातच आहे ते काय, आणि वस्तुस्थिती नसून मत आहे ते काय. आपल्या मताच्या पत्रातील दोष जो मुलगा आधी दाखवील, त्यास शिक्षकांनी विशेष शाबासकी द्यावी. विवेकाची खरी परीक्षा तेथेच होते.

एका तासाचे टाचण

शिक्षकांच्या सोयीसाठी आठवीच्या एका तासाचे टाचण देतो.

उद्दिष्ट : पाहिलेली, ऐकलेली व अनुमानाने काढलेली गोष्ट यांतील भेद ओळखणे.
साहित्य : त्याच आठवड्यातील एक स्थानिक बातमी, फळा, तीन रंगांचे खडू.
प्रस्तावना : शिक्षकांनी बातमी एकदा मोठ्याने वाचावी. त्यावर काहीही मत देऊ नये.
विकास : मुलांनी प्रत्येक वाक्य सांगावे. बातमीदाराने स्वतः पाहिलेले असल्यास पांढऱ्या खडूने, नाव दिलेल्या माणसाने सांगितलेले असल्यास पिवळ्या खडूने आणि सांगणाऱ्याचे नावच नसल्यास तांबड्या खडूने फळ्यावर लिहावे.
संकलन : फळ्यावर कोणता रंग अधिक आहे, हे मुलांनीच सांगावे. तांबड्या वाक्यांची खातरजमा कोणाकडे होईल, याची यादी करावी : पंचायत, मामलेदार कचेरी, आरोग्य केंद्र, शाळा.
गृहपाठ : आपल्या वाड्यावरील एका घटनेची दहा ओळींची बातमी लिहिणे. प्रत्येक ओळीपुढे ‘पाहिले’ किंवा ‘ऐकले’ असे लिहिणे. ऐकले असल्यास कोणाकडून, तेही लिहिणे.

ह्या गृहपाठाचे महत्त्व मोठे आहे. स्वतः बातमी लिहिताना प्रत्येक ओळीचा जाब द्यावा लागला, की दुसऱ्याच्या बातमीस जाब विचारण्याची सवय आपोआप लागते.

हे आवश्यक का?

काही पालक म्हणतील, हे सारे चांगले, पण परीक्षेत ह्यास गुण किती? त्यांच्यासाठी एक कटू घटना सांगणे भाग आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले होते. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरल्या होत्या. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकले. त्याच महिन्यात त्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. परंतु यंत्रावरील मर्यादेने मनावरची मर्यादा येत नाही. ज्या जमावाने हात उचलला, त्यातील अनेकांना अक्षरओळख असेलच. त्यांच्याजवळ ‘हे सांगणारा कोण?’ हा एक प्रश्न नव्हता. आपल्याही दारी नंदीबैलवाले येतात, परमुलखातले कामकरी येतात. तसा प्रसंग आपल्या गावी कधी न येवो. परंतु न येण्याची व्यवस्था आपणच केली पाहिजे.

दुसरा आक्षेप असा, की अशाने मुले कशावरच विश्वास ठेवीनाशी होतील. ही भीती अगदी निराधार नाही, म्हणून तिचे उत्तरही नीट दिले पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टात अतिवृष्टी झाली व तिळारीचे पाणी सोडले गेले, तेव्हा डिचोलीतील साळ आणि पेडण्यातील इब्रामपूर, चांदेल-हसापूर ह्या भागांत पूर शिरला. अशा वेळी खरा इशारा आला असता ‘ही अफवाच असेल’ म्हणून जो घरी बसेल, तो अफवेवर धावणाऱ्याइतकाच अविवेकी ठरेल. सर्वच खोटे मानणे हा आळस आहे. सर्वच खरे मानणे हाही आळसच. तपासून खरे ठरलेल्यावर ताबडतोब विश्वास ठेवणे, हा विवेक. म्हणून प्रत्येक पाठाच्या शेवटी एखादी खरी ठरलेली बातमीही मुलांसमोर ठेवावी आणि ती खरी हे कशावरून कळले, ते त्यांना सांगावयास लावावे.

न्यासाने व कुटुंबांनी काय करावे?

शाळेतील शिक्षण घरी पोसले गेले नाही तर सुकते. ह्यासाठी चार सूचना नम्रपणे मांडतो.

(१) न्यासाच्या वाचनालयात निदान दोन भिन्न मतांची वर्तमानपत्रे ठेवावीत आणि जुने अंक रद्दीत न देता महिन्यामहिन्यांची बाडे बांधून ठेवावीत. कालची बातमी आज काय ठरली, हे पाहण्यासारखा दुसरा पाठ नाही.
(२) वार्षिक बक्षीस-समारंभात निबंध व वक्तृत्व यांच्या जोडीला ‘पडताळलेली बातमी’ ही स्पर्धा ठेवावी. सुंदर लिहिण्याबरोबर खरे लिहिण्यालाही पारितोषिक असावे.
(३) नार्वे येथील शिलालेख पाहावयास शाळांच्या सहली न्याव्यात. पुरावा म्हणजे काय, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे.
(४) प्रत्येक घरी एक साधा नियम असावा : जो संदेश आपण आपल्या नावाने शेजाऱ्याच्या तोंडावर सांगण्यास धजणार नाही, तो पुढे पाठवू नये. हा नियम मुलांआधी वडीलमंडळींनी पाळावा. मुले उपदेश ऐकत नाहीत, वर्तन पाहतात.

ह्या कामास मोठा निधी लागत नाही. लागतात ती दोन वर्तमानपत्रे, तीन रंगांचे खडू आणि एक चिकाटीचा शिक्षक. आपल्या मुलूखाने भजनाच्या फडात टाळ चुकला तर तेथल्या तेथे थांबविणारे जाणकार कान तयार केले. तसेच जाणकार कान आता बातमीसाठीही तयार व्हावेत. न्यासाच्या पुढील महोत्सवाची स्मरणिका जी पिढी लिहील, तिने एकही ओळ आधारावाचून लिहू नये, आणि जे केवळ ऐकलेले असेल त्यापुढे प्रामाणिकपणे ‘म्हणे’ हा शब्द घालावा, एवढीच ह्या मंगल प्रसंगी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.